बहिरूची रविवारची विनंती

अवसरी बुद्रुकच्या दूध डेअरीत भगवंत एकवीस वर्षं दूध घ्यायला होता आणि या एकवीस वर्षांत त्यानं एकाही कॅनकडे चांगल्या नजरेनं पाहिलं नाही. दुधात काचेची नळी सोडायची आणि डिग्री बघायची, एवढंच त्याचं काम. पण नळी बुडायच्या आधीच त्याचा निकाल लागलेला असे. कॅन ठेवता ठेवता जो हवापाण्याच्या गप्पा मारतो त्यानं पाणी घातलंय. जो काहीच बोलत नाही त्यानं जास्त घातलंय. सख्ख्या सासऱ्याचं दूध त्यानं एकदा भर रांगेत परत केलं होतं आणि त्याच दिवाळीला सासुरवाडीत जाऊन निवांत करंज्या खाल्ल्या होत्या. गाव त्याला डिग्रीवाला म्हणे आणि त्याला ते नाव आवडे. पंचाईत एवढीच होती की दहापैकी नऊ वेळा त्याचा संशय खरा निघायचा. दहावी वेळ तो विसरून जायचा.

घरी त्याचा संशय धाकट्या भावावर खर्ची पडे. बहिरू त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, अंगानं दांडगा, बोलायला मंद. दोघांची जमीन वेगळी झाली होती, पण विहीर एकच होती आणि मोटार एकच. सोमवार ते बुधवार पाण्याची पाळी बहिरूची, गुरुवार ते शनिवार भगवंताची, रविवार आलटून पालटून. एवढी सरळ वाटणी, तरी भगवंताला आपल्या वाफ्यात पाणी कायम कमीच दिसे. वीज कधी पहाटे यायची, कधी दुपारी. म्हणून इतरांसारखा यांनीही स्टार्टरला ‘ऑटो’ बसवून घेतला होता. बटण ऑटोवर ठेवलं की वीज येईल तेव्हा मोटार आपली आपण सुरू होते, माणूस तिथं असो नसो. बहिरू पाळी संपल्यावरही बटण ऑटोवरच ठेवून जातो आणि आपलं पाणी ओढतो, असं भगवंतानं मनाशी धरलं. १९९९ च्या महाशिवरात्रीला त्यानं स्टार्टरच्या पेटीला कुलूप ठोकलं. चावी करदोट्याला बांधली. बहिरूची पाळी आली की सोमवारी सकाळी स्वतः जाऊन कुलूप काढायचं आणि बुधवारी संध्याकाळी लावायचं. चावी म्हणून बहिरूच्या हातात द्यायची नाही. बहिरू यावर एक शब्द बोलला नाही, आणि न बोलणाऱ्याबद्दल भगवंताचं मत काय होतं ते सांगितलंच आहे.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात, एका गुरुवारी, भगवंताचा एकुलता एक मुलगा गेला.

सुदर्शन सतरा वर्षांचा होता. बारावीची सुट्टी होती. पाइपाच्या तोंडाशी शेवाळ अडकून पाणी बारीक पडतंय, अशी भगवंताची दोन दिवस कुरकुर चालली होती. पोरगं ते साफ करायला सकाळी विहिरीत उतरलं. त्या आठवड्यात वीज दहाला यायची, पेटीला कुलूप, मग भीती कसली. त्या दिवशी मात्र वीज साडेआठलाच आली. बटण ऑटोवर होतं. मोटार सुरू झाली आणि वायरीच्या जोडातून पाण्यात करंट उतरला.

शेजारच्या रानात कांदा काढणारा बहिरू ओरडा ऐकून धावला. त्यानं मोटार बंद केली, पोराला वर काढलं, आणि काठावर त्याची छाती दाबत बसला. भगवंत डेअरीतून पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. मुलाशेजारी बसायच्या आधी त्यानं पेटीकडं पाहिलं. पेटी सताड उघडी, कुलपाचा पत्ता नाही.

“पेटी कोणी उघडली?” त्यानं विचारलं.

बहिरूनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, “उघडीच व्हती.”

पोराचं अंग अजून ओलं होतं आणि बाप कुलूप शोधत होता, हे गावानं पाहिलं. काहींनी नंतर नावं ठेवली. पण ज्याचं असं काही झालंय त्यानं पहिल्या घटकेला काय करावं याचा नियम नसतो, हेही खरं. भगवंत रडला नाही. रडायचं त्यानं तपास लागेपर्यंत पुढं ढकललं.

पोलिसांनी अपघात लिहून घेतला. नातेवाईक म्हणाले, तेवढंच आयुष्य घेऊन आला होता. देवऋष्यानं पितरांकडं बोट दाखवलं. मंचरचे पन्नालालशेठ, ज्यांच्या दुकानातून वायर आणली होती, ते दारी येऊन बसले आणि डोळे पुसत म्हणाले की मागच्या जन्मीचं काही असेल. वायरच डुप्लिकेट दिली असेल म्हणून भगवंतानं तिचा तुकडा तीन जणांकडून तपासून आणला. वायर अस्सल निघाली. मग त्यानं शेठना सोडलं. वायरमनवर संशय घेतला, तोही सोडला. पितर, नशीब, मागला जन्म ही उत्तरं त्याच्या लेखी पाणी घातलेल्या दुधासारखीच होती. बटण आपोआप ऑटोवर जात नाही. ते फिरवायला माणसाचा हात लागतो. तो हात कोणाचा, एवढंच त्याला हवं होतं.

आणि हिशेब सरळ होता. बुधवारी संध्याकाळी त्यानं स्वतः बटण बंद करून कुलूप लावलं होतं. गुरुवारी त्याला डेअरीत जायला उशीर झाला म्हणून तो विहिरीकडं वळलाच नाही, रस्त्यानं सरळ गेला. हे त्यानं पोलिसांना सांगितलं, पाव्हण्यारावळ्यांना सांगितलं, इतक्यांदा सांगितलं की रस्त्यानं सरळ जाणारी आपली पाठमोरी सायकल त्याला डोळ्यांसमोर दिसायची. म्हणजे बहिरूनं दुसरी चावी करून घेतली होती. पहाटे पेटी उघडून, गुरुवारचं पहिलं पाणी ओढायला बटण ऑटोवर टाकलं, आणि नंतर कुलूप लपवलं. सगळं जुळत होतं. नव्हता तो फक्त कबुलीजबाब.

भावाशी बोलणं त्यानं तोडलं. विहीर मात्र तोडता येत नाही. सात वर्षं दोघं भाऊ आपापल्या पाळीला येऊन एकमेकांकडं न बघता पाणी भरत राहिले.

या सात वर्षांत बहिरूनं एक नवीन खूळ काढलं. दर रविवारी सकाळी तो स्वच्छ कपडे घालून जुन्नरची एस. टी. पकडायचा. विचारलं तर म्हणे, लेण्याद्रीला. गिरिजात्मजाची भक्ती कुणालाही जडावी, त्यात गैर काही नाही. पण भगवंताच्या मनात पाल चुकचुकली. लेण्याद्रीला तीनशेच्या वर पायऱ्या, आणि या गड्याचे गुडघे दुखतात. कपाळाला गुलाल नाही, हातात प्रसादाची पुडी नाही, आणि संकष्टीला हा घरीच. हा कसला भक्त? दोन-चार वर्षं भगवंतानं हे नुसतं टिपून ठेवलं. २००६ च्या नोव्हेंबरात डेअरीत दूध घालणाऱ्या जानकूनं सहज सांगितलं, “तुमचा बहिरू मला जुन्नरला ख्रिस्ताच्या देवळातनं बाहेर पडताना दिसला.”

गावात कुजबुज झाली. कोणी म्हणालं, काहीतरी मिळत असेल त्याशिवाय कोण जातंय. कोणी म्हणालं, सुदर्शन गेला तेव्हा दवाखान्यात जुन्नरची एक नर्सबाई बहिरूजवळ बसून होती, तिनंच नादी लावलं असणार. भगवंताला या गोष्टींत रस नव्हता. धान्य, कपडे, नोकरी असल्या आमिषांनी हलणारा त्याचा भाऊ नव्हता, एवढं तो ओळखून होता. त्याला वेगळीच गोष्ट खुपली. हे लोक देवापुढं पापांची कबुली देतात, असं त्यानं टीव्हीवर पाहिलं होतं. क्षमा मागतात. ज्यानं काही केलंच नाही त्याला क्षमा कशाला लागते?

पुढच्या रविवारी तो डेअरीतून सुट्टी घेऊन निघाला. सात वर्षांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटत होतं.

जुन्नरच्या पेठेमागं, चिंचेच्या झाडाखाली ते कौलारू देऊळ होतं. भगवंत मफलर डोक्याला गुंडाळून उशिरा आत शिरला आणि खांबाआड बसला. पन्नास-साठ माणसं होती. बहिरू तिसऱ्या ओळीत, मान खाली. शेजारच्या म्हातारीनं भगवंताला गाण्याचं पुस्तक दिलं, पान काढून दिलं, वर बोटानं ओळही दाखवत राहिली. ही आपल्याला फितवते आहे, असं समजून त्यानं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. ती बिचारी पुन्हा पान काढून द्यायची.

मग पाळक म्हणाले, आता आपण आपली पापं कबूल करू. भगवंत सरसावून बसला. त्याला वाटलं, एकेकाला पुढं बोलावतील. तसं काही झालं नाही. सगळं देऊळ एकदम उभं राहिलं आणि एका सुरात म्हणायला लागलं की आमचं चुकलं, आम्ही करू नये ते केलं. शेजारची म्हातारी म्हणाली. शाळेतल्या पोरी म्हणाल्या. खुद्द पाळकही म्हणाले. भगवंताची भलतीच अडचण झाली. एका चोराला पकडायला यावं आणि साठ जणांनी हात वर करावेत, असा तपास त्यानं कधी केला नव्हता. एका मोटारीला एवढी माणसं जबाबदार असणं शक्य नव्हतं.

पाळक बोलायला उभे राहिले. वाळलेला, साठीचा माणूस, आवाज बसलेला. गेल्या आठवड्यात त्या वस्तीतली नऊ वर्षांची एक मुलगी तापानं गेली होती. ते म्हणाले, “तिच्या आईनं मला विचारलं, का? तीस वर्षं मी हे काम करतोय. मला ठाऊक नाही. तिच्या पापामुळं नाही आणि आईच्या पापामुळंही नाही, एवढं मी सांगितलं. आपला देव लांब उभा राहून बघत बसलेला नाही. तो स्वतः खिळ्यांवर टांगला गेला. आपलं ओझं त्यानं अंगावर घेतलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. याच्यापलीकडं माझ्याजवळ उत्तर नाही.”

भगवंताला हे पटलं नाही. ठाऊक नाही तर उभं कशाला राहायचं? दुधात पाणी असेल तर आहे म्हणावं, नसेल तर नाही म्हणावं. तरी त्या मुलीची आई समोरच्या ओळीत बसली होती, आणि तिच्या पाठीकडं त्याला बघवेना. त्याच्या बायकोची, प्रयागबाईची पाठ अशीच झाली होती. त्याच्या मनात आलं की हिला कुणी काही कारण सांगितलं असतं तर हिनं काय केलं असतं. मग त्यानं तो विचार झटकला.

शेवटी विनंत्या सुरू झाल्या. ज्याला देवाकडं काही मागायचं त्यानं उभं राहून सांगायचं, मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची, अशी तिथली रीत. कुणी मुलीच्या परीक्षेचं सांगितलं, कुणी नवऱ्याच्या दारूचं. शेजारच्या म्हातारीनं डोळ्यांचं ऑपरेशन सांगितलं. मग बहिरू उभा राहिला.

“माझी नेहमीचीच,” तो म्हणाला. “माझ्या भावाला ते कवाच कळू नये.”

पाळकांनी मान हलवली. सगळ्यांनी डोळे मिटले. साठ माणसं एका आवाजात भगवंतासाठी प्रार्थना करत होती आणि तो खांबाआड उघड्या डोळ्यांनी बसला होता. सापडला. सात वर्षांनी सापडला, स्वतःच्या तोंडानं बोलला, देवाच्या घरात, साक्षीदारांसमोर. प्रार्थना संपायच्या आत तो बाहेर पडला.

घरी पोचेपर्यंत चार वाजले. प्रयागबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. भगवंतानं उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं. उद्या भावकी बसवतो म्हणाला, त्याचं पाणी तोडतो म्हणाला. बोलताना त्याच्या तोंडाला फेस आला होता.

“काय म्हनले भाऊजी? त्येच शब्द सांगा,” ती म्हणाली.

“माझ्या भावाला ते कवाच कळू नये.”

प्रयागबाईचे हात थांबले. तिनं सूप बाजूला ठेवलं.

“त्येंनी केलं असतं तर भावानं माफ करावं असं मागितलं असतं,” ती म्हणाली. “कळू नये असं दुसऱ्यासाठी मागत्यात. ज्याला सोसायचं न्हाई त्याच्यासाठी.”

“म्हंजी?”

“तुमी गुरुवार कवा चुकवला व्हता? पाळीच्या पहिल्या दिवशी विहिरीवरनं गेल्याबिगार तुमी डेरीला गेल्याचं मला तर आठवत न्हाई. पाऊस असू दे, ताप असू दे.”

“त्या दिवशी उशीर झाला व्हता.”

“तुमी म्हनता.”

भगवंत तिच्या अंगावर ओरडला. काय ओरडला ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. ती सूप ओढून पुन्हा शेंगा फोडायला लागली आणि तो तरातरा बहिरूच्या घराकडं निघाला. वाटेत त्यानं स्वतःला हजार वेळा समजावलं की बायको भोळी आहे, दिराच्या बोलण्याला भुलली आहे. दिवस मावळायला टेकला होता. बहिरू गोठ्यापुढं वैरण तोडत होता. सात वर्षांनी भाऊ दारात आलेला पाहून त्यानं कोयता खाली ठेवला.

“आज जुन्नरला मागं बसलो व्हतो,” भगवंत म्हणाला. “ऐकलं मी. काय कळू नये मला?”

बहिरूनं धोतराला हात पुसले. पुन्हा पुसले.

“सांग की. बटण ऑटोवर कोणी ठेवलं व्हतं?”

“मीच ठेवलं व्हतं, दादा.”

हेच वाक्य. हे ऐकायला भगवंत सात वर्षं जगला होता. हे ऐकलं की आपण काय काय करू याची त्यानं किती वेळा मनात उजळणी केली होती. पण एकवीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. कॅन पुढं आला की नळी बुडवायचीच.

“कुलूप कसं उघडलंस?”

“चावी केली व्हती.”

“कुठनं?”

“मंचरातनं.”

“कोणाकडनं?”

बहिरूला मंचरात चावी करणारा माणूसच आठवेना. तो म्हणाला, “व्हता एक.”

“मग कुलूप कुठंय?”

“विहिरीत टाकलं.”

“का? चावीनं उघडलं असतंस तर परत लावून गेला असतास. न्हाईतर कडीला अडकवून ठेवलं असतंस. चांगलं कुलूप कोणी विहिरीत टाकतं का?”

बहिरू जमिनीकडं बघायला लागला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, कधीच येत नव्हतं. लहानपणी मार खाताना सुद्धा हा असाच उभा राहायचा. आणि भगवंताला, नको असताना, सगळं स्वच्छ दिसायला लागलं. आत मोटार चालू, पाण्यात पोरगं, आणि पेटीला कुलूप. बाहेरून लावलेलं, शाबूत कुलूप. बहिरूनं ते दगडानं फोडलं. त्याशिवाय मोटार बंद कशी केली असती? आणि पोराला काठावर घेतल्यावर, गाव गोळा व्हायच्या आत, तुटलेलं कुलूप त्यानं विहिरीत टाकून दिलं, कारण कुलूप लावलेलं होतं हे दिसलं असतं तर चावी कोणाच्या करदोट्याला होती हे विचारायची कोणाला गरज पडली नसती. उघडीच व्हती, एवढं तो बोलला. त्या दोन शब्दांवर सात वर्षं गावाचे टोमणे खात राहिला.

त्या गुरुवारची सकाळ भगवंताला आठवली नाही. आजही आठवत नव्हती. पण आपला हात त्याला माहीत होता. बहिरू पाणी ओढेल या धास्तीनं, झोपेतसुद्धा, त्या हातानं बटण ऑटोवर टाकून परत कुलूप लावलं असतं.

तो वैरणीच्या भाऱ्यावर बसला. बहिरू त्याच्यापुढं उकिडवा बसला, पोराला काठावर घेऊन बसला होता तसाच जवळ, आणि पुन्हा पुन्हा सांगत राहिला की मी आत्ता गडबडलो, चावी खरंच केली होती, मंचरात नाही, ओतूरच्या बाजारात केली होती. प्रत्येक वाक्यागणिक खोटं जास्तच उघडं पडत होतं.

उभ्या जन्मात भगवंतानं कुणाला स्वतःची फसवणूक करू दिली नव्हती. आज त्याला फसायचं होतं. मनापासून, अगदी कळवळून फसायचं होतं, आणि काही केल्या ते जमत नव्हतं. त्यानं भावाचा हात धरला.

“परत एकदा म्हन,” तो म्हणाला.

“मीच ठेवलं व्हतं, दादा.”

“परत म्हन.”